मैना म्हणजे कोण?



गाणं पाठ होणं वेगळं आणि गाणं कळणं वेगळं, बरं का!

परवा मधल्या सुट्टीत माझ्या चौथीच्या वर्गातला लालबागचा एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचा दादा दिवसभर क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावतो. अर्थ विचारला, की म्हणतो, 'तुला नाही कळायचं!' मग आजोबा चिडतात आणि त्यांचं 'माझी मैना' लावतात. त्यात तरी काय, एक पक्षीच ना?"

मला हसू आलं. पण प्रश्न होता चांगला.

आधी दादाचं गाणं पाहू. हे रॉक गाणं १९७५ सालचं, फ्रेडी मर्क्युरीनं लिहिलेलं. त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. शिकला कुठं? आपल्या पाचगणीच्या शाळेत! गाण्यातला मुलगा आईपाशी एक भयंकर गुन्हा कबूल करतो. हा मुलगा कोण? खरा की मनातला? फ्रेडीनं ते कधी नीट उलगडून सांगितलं नाही. म्हणून लोक आजही आपापला अर्थ लावतात.

आता आजोबांची मैना. हे गाणं अण्णा भाऊ साठे यांचं. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, शाहीर झाले. गाण्यात पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. लाडानं तिला मैना म्हणतो. म्हणजे पक्षी नव्हे! तेव्हा परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत कितीतरी गिरणी कामगार दाटीनं राहायचे, खानावळीत जेवायचे. बायकामुलं गावाला. मग हे गाणं ज्याला त्याला आपलंच वाटणार, नाही का?

पण थांबा, गाणं इथं संपत नाही. शेवटाकडे शाहीर म्हणतात, तुकडे पडलेल्या महाराष्ट्राचीही अशीच ताटातूट झाली आहे. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. बेळगाव, कारवार मात्र बाहेरच राहिले. एकाच मैनेत घरचं दुःख आणि मुलखाचंही! अर्धंच गाणं ऐकणाऱ्याला हा दुसरा अर्थ कसा सापडणार?

दुसऱ्या दिवशी तो मुलगा धावतच आला. "बाई, मी आजोबांना विचारलं, तुमची मैना कोण? तर ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'तुझी आजी. अकरा वर्षं ती गावाला होती. तुझ्या बाबाला मी गणपतीला आणि शिमग्यालाच भेटायचो. पहिल्यांदा तर तो मला बघून रडायलाच लागला!' बाई, दादानं आपलं गाणं बंद केलं आणि ऐकत बसला."

"मग?"

"मग आजोबांनीच दादाला विचारलं, 'तुझ्या गाण्यातल्या त्या पोराचं पुढं काय झालं रे?'"

मुलांनो, आता तुमचं काम. आज घरात कुणाचंही आवडतं गाणं शेवटपर्यंत ऐका आणि तीन प्रश्न विचारा: कोण गातंय? कुणासाठी? आणि कधी? शब्दकोशात न सापडणारा अर्थ शेजारच्या खाटेवर बसलेला असतो.

आणि पालकहो, तुम्हाला एकच विनंती. 'तुला नाही कळायचं' एवढं मात्र म्हणू नका!

— तुमच्या बाई