भांडण नसलेला सिनेमा

बालमित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

टीव्हीवरची कार्टूने बघून बघून मला वीट आला आहे. पहिलीत होतो तेव्हापासून बघतोय. दुष्ट माणूस येतो, धुडूम आवाज होतो, नायक त्याला बडवतो, संपले! पळणाऱ्या मुलाच्या मागून तेच झाड, तेच घर पुन्हा पुन्हा जाते. बोलताना नुसते ओठ हलतात, बाकी अंग दगडासारखे. कारण काय, तर थोड्या चित्रांत काम भागवायचे. पोरांना काय कळतेय, असे त्यांना वाटत असावे. पण आम्हांला कळते.

गेल्या महिन्यात शनिवारी बाईंनी वर्गातल्या टीव्हीवर एक जपानी चित्रपट दाखवला. त्याचे नाव ‘माय नेबर टोटोरो’, म्हणजे ‘माझा शेजारी टोटोरो’. हायाओ मियाझाकी यांनी तो १९८८ साली काढला. बाई खालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगत होत्या. पण खरे सांगू? चित्रे बघूनच बरेचसे कळत होते.

सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी बाबांबरोबर खेड्यात राहायला येतात. आई दवाखान्यात असते. घराजवळच्या भल्यामोठ्या कापराच्या झाडात टोटोरो नावाचा गुबगुबीत प्राणी राहतो. गोष्ट एवढीशीच. पण काय ती चित्रे! भाताची खाचरे, ओढ्याचे पाणी, पावसाआधीचे आभाळ. ही सगळी चित्रे हाताने रंगवलेली आहेत. काझुओ ओगा हे त्याचे कलादिग्दर्शक. झाडाचा हिरवा रंग एकच नाही, सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा.

एका प्रसंगात दोघी बहिणी पावसात, अंधारात बाबांच्या बसची वाट बघत उभ्या असतात. शेजारी टोटोरो येऊन उभा राहतो. त्याच्या डोक्यावर एक पान, बस्स! सात्सुकी त्याला बाबांची छत्री देते. छत्रीवर थेंब टपटप पडतात आणि त्याला त्या आवाजाची गंमत वाटते. कोणी कोणाला मारत नाही, तरी आमच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती.

या चित्रपटात दुष्ट माणूसच नाही. मग भीती कशाची? आई बरी होईल ना, याची. दवाखान्यातून तार येते तेव्हा सात्सुकी रडते. छोटी मेई मक्याचे कणीस घेऊन आईकडे एकटीच निघते आणि हरवते. सारा गाव तिला शोधतो. मियाझाकी लहान असताना त्यांची आईही कित्येक वर्षे क्षयाने आजारी होती. म्हणूनच मला तो प्रसंग खरा वाटला. ज्यांच्या घरी कोणी आजारी असते, त्या मुलांना ही भीती राक्षसापेक्षा मोठी असते.

माझा एक मित्र म्हणाला, “टोटोरो खोटाच की! मग त्याचा काय उपयोग?” माझे म्हणणे असे, की टोटोरो नसेल, पण ते झाड, तो पाऊस, ती खाचरे तर आहेत. आपल्याकडेही आहेत. तरी चित्रकलेच्या तासाला आपण सगळे दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक नदी आणि एक झोपडी हेच काढतो. आपल्या ओढ्यावरचा पूल कोणी काढला आहे का? पेरणीनंतरचे शेत?

पालकांना माझी विनंती आहे. कार्टून वाईट म्हणून टीव्ही बंद करू नका. चांगले कोणते ते निवडा आणि आमच्याजवळ बसून बघा. हा चित्रपट ८६ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ काढलात तर आम्हांला फार आनंद होईल.

आणि मित्रांनो, पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने आपल्या गावातले एक खरे झाड बघून काढून आणा. मी शाळेमागची चिंच काढणार आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी