आकाशाचें अंगण : धुळीआडचा दिवा

भिवंडीच्या एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या घरामागें यंत्रमागांचे कारखाने आहेत; कापसाचे बारीक तंतु फडताळांतील देवांवरही बसतात आणि रात्रीं कारखान्याचे दिवे त्यांतून मंद दिसतात. गेल्या अंकांत आम्ही ठोकून दिलें होतें कीं, ज्या दीर्घिकेच्या गाभ्यांत तेज दिसत नाहीं, तेथील कृष्णविवर उपाशी समजावें. त्यावर त्या विचारतात, "मध्यें धूळ असली तर?"

शंका बिनतोड आहे, चूक आमची.

कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायु तापून झळाळतो. त्याच्या भोंवतीं बहुधा धुळीचें कडें असतें. तें आड आलें म्हणजे दृश्य प्रकाश अडतो. परंतु धूळ तो गिळून स्वतः तापते व अवरक्त किरण टाकते, आणि हे किरण धुळींतून पुष्कळ सुलभतेनें बाहेर पडतात. एन. जी. सी. ४१५१ या दीर्घिकेचा गाभा उजळला कीं अवरक्त तेज महिना-दोन महिन्यांनीं वाढतें. प्रकाशाला धुळीपर्यंत जाण्यास लागणारा हा वेळ!

आतां पडदा मोजावा कसा? कारखान्याचे शंभर दिवे स्थिर आहेत व एकच लुकलुकतो, असें समजा. पडद्यावर सगळा उजेड मिसळला तरी कमीजास्त होतो तो त्या एकाचाच. दीर्घिकेंतील ताऱ्यांचा एकूण प्रकाश स्थिर असतो. घटबढ तेवढी गाभ्याची. ती दोन निरनिराळ्या तरंगलांबींवर मोजतात. धूळ आंखूड लहरी अधिक अडविते. म्हणून तेथील घटबढ जितकी खुजी, तितका पडदा दाट. 'वाईज' उपग्रहानें २००९ च्या डिसेंबरांत उड्डाण केलें आणि मधला खंड सोडल्यास २०२४ च्या ऑगस्टपर्यंत दर सहा महिन्यांनीं ३.४ व ४.६ मायक्रॉनवर सारें आकाश टिपलें. आपल्याकडेही पुणें जिल्ह्यांत गिरवलीच्या दोन मीटर दुर्बिणीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें अवरक्त छायाचित्रक चालविला आहे.

एक मेख मात्र आहे. धूळच थंड असली तरी आंखूड लहरींचें तेज कमी भरतें. तेव्हां क्ष-किरणांची साक्ष काढावी लागते. हा खटाटोप व्यर्थ नव्हे. झांकलेले गाभे हिशेबांतून सुटले, तर कृष्णविवरें किती वेगानें वाढलीं हें गणितच चुकेल.

गेल्या अंकांतील तें वाक्य वाचकांनीं कृपया खोडून टाकावें.