मंदीतला मुहूर्त

मंदीत धंदा काढू नये, असं सांगणाऱ्यांनी जयसिंगपूरचा इतिहास आठवावा. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं ही पेठ वसवली ती पहिल्या महायुद्धाच्या महागाईत. तरीही ती टिकली, कारण कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 पासून दारात होती, रस्ते आखीव होते आणि आजूबाजूला पिकाऊ शिवार होतं. म्हणजे आधी गिऱ्हाईक आणि वाहतूक, मग दुकान. जयसिंगपूर ज्यात येतं त्या शिरोळ तालुक्यानं 2019 चा महापूर सोसला आणि वर्षाच्या आतच टाळेबंदी आली. अशा काळात नवं शटर उघडणाऱ्यानं दिवाळीची गर्दी बघून हिशेब मांडू नये. इथला पैसा उसाबरोबर फिरतो. कायद्यानं ऊसबिल चौदा दिवसांत मिळायला हवं. ते लांबलं की दुकानदाराची उधारीची वही फुगते. म्हणून कर्ज काढून चकचकीत फर्निचर करण्यापेक्षा सहा महिन्यांचं भाडं आणि घरखर्च बाजूला ठेवा. रोज लागणारा माल किंवा दुरुस्तीचं काम निवडा आणि उधारीला पहिल्या दिवसापासून मर्यादा घाला. मंदीत जागा स्वस्त मिळते, कारागीर मिळतो. मिळत नाही ती चूक निस्तरायला सवड. धाडस जरूर करा, पण उधारीवर नको.