नव्यास जुन्याचें शिफारसपत्र

बारामती-इंदापुराकडील आमच्या कांहीं सुशिक्षित स्नेह्यांचा आक्षेप असा कीं, पाश्चात्य वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेंत मान्यवर जुन्या कॉन्चेर्टोच्या शेजारीं एखादा आजकालचा कॉन्चेर्टो बसवून देतात, ही निव्वळ व्यापारी हातचलाखी होय. जुन्यासाठीं पैसे मोजावे आणि नवें मुकाट्यानें पदरांत घ्यावें. (कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्याचा सबंध वृंदाशीं चालणारा संवाद, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे पुरे.) हें म्हणणें अगदींच निराधार नाहीं, कंपन्यांस खप हवा असतो. परंतु त्यावरून नवें तें टाकाऊ, हा निष्कर्ष कोठून आला?

२०१० सालीं निघालेल्या हिलरी हान या व्हायोलिनवादिकेच्या मुद्रिकेवर त्यांचा विशेष रोष आहे. तींत जेनिफर हिग्डन या हयात अमेरिकन रचनाकर्तीचा कॉन्चेर्टो आणि चायकोव्हस्कीचा १८७८ चा कॉन्चेर्टो एकत्र आहेत. चायकोव्हस्की हवा, हिग्डन नको! पण हाच चायकोव्हस्की १८८१ सालीं व्हिएन्नांत वाजला तेव्हां हान्स्लिक या प्रख्यात टीकाकारानें त्याची काय संभावना केली? संगीतासही दुर्गंधी असूं शकते, इथपर्यंत त्याची मजल गेली. ज्यास तो प्रथम अर्पण व्हावयाचा, त्या आउअरनेंही तो वाजविण्याचें टाळलें होतें.

मोझार्टच्या काळीं मुख्य वादक वृंदास थांबवून आयत्या वेळीं स्वतःच्या कल्पनेनें वाजवीत असे; पुढें ते भागही छापले गेले आणि लोक ते पाठ करूं लागले. २०१५ सालीं मुंबईंत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानें झाकीर हुसेन यांचा 'पेशकार' वाजविला. त्यांत तबल्यास उपजेला वाव आहे. मग मोझार्टच्या जवळ कोण, हा तबलजी कीं छापील भाग घोकणारा?

आणि बारामतीकरांनीं तरी ही तक्रार करूं नये. मोझार्टचें सारें आयुष्य (१७५६ ते १७९१) मोरोपंतांच्या हयातींतच सामावलेलें आहे. बाबूजी नाइकांनीं ज्यास आश्रय दिला तो त्या वेळीं समकालीन कवीच होता. आधीं जुना होऊन ये, असें त्यांनीं पंतांस सांगितलें नाहीं.

प्रत्येक जोडी जमते असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक ठिकाणीं वृंद आणि वादक नुसते आळीपाळीनें बोलतात, संवाद होतच नाहीं. तशांस खुशाल झोडपावें, पण ऐकून. हानबाईंच्या मुद्रिकेंत हिग्डन आधीं आहे, चायकोव्हस्की मागून. आमच्या स्नेह्यांनीं ती त्याच क्रमानें लावावी.