तारापूरचा धडा, सौरऊर्जेसाठी

देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा, तेल व वायू वगळता अन्य स्रोतांचा वाटा २०२५च्या मध्यास निम्म्यावर पोहोचला. २०३०पर्यंत ही क्षमता ५ लाख मेगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. हे स्वागतार्हच. पण कोळसा न जाळता मिळणारी वीज आपोआप बिनधोक ठरत नाही, हे पालघर जिल्ह्यातील तारापूरने कधीच दाखवून दिले आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९मध्ये सुरू झाल्या. यंत्रे अमेरिकी आणि लागणारे समृद्ध युरेनियमही अमेरिकेचेच. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर या पुरवठ्यात अडथळे येऊ लागले; १९७८च्या अमेरिकी कायद्याने ते आणखी वाढले. मग आधी फ्रान्स, पुढे चीन व रशियाकडून इंधन मिळवावे लागले. वीज बोईसरजवळ तयार होई, पण भट्टी चालणार की नाही हे परदेशात ठरे. यावरचे उत्तरही तारापुरातच उभे राहिले. २००५-०६मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, देशी आराखड्याच्या आहेत. त्या जड पाण्याच्या मदतीने नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यांना समृद्ध इंधन लागत नाही.

ऊन आयात करावे लागत नाही. पण सौर पॅनेलसाठी लागणारे पॉलिसिलिकॉन आणि त्याच्या चकत्या यांच्या जागतिक उत्पादनावर चीनचे वर्चस्व आहे. फरक इतकाच, की इंधन संपले की भट्टी थांबते. पॅनेलची आयात थांबली, तरी आधी बसवलेली पॅनेल सुमारे २५ वर्षे वीज देत राहतात. नवी भर मात्र खुंटते. ही उसंत देशी कारखाने उभारण्यासाठी वापरली पाहिजे.

दुसरा प्रश्न संध्याकाळचा. दिवे लागतात, विजेची मागणी वाढते आणि सूर्य मावळतो. बॅटरी हा उपाय आहे, पण तिचे लिथियमही बाहेरूनच येते. सह्याद्रीत दुसरी सोय आहे. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज मिळवतात. दुपारची सौर वीज अशी साठवता येते.

म्हणूनच किती मेगावॉट बसवले, एवढेच मोजून भागणार नाही. संध्याकाळी सातला त्यातली किती वीज मिळते आणि तिची यंत्रे कुठे बनतात, याचाही हिशेब दरवर्षी जनतेपुढे यायला हवा.