अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी

उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली, कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी फियाट ११०० वरून. दोघींचे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मधून प्रोपेलर शाफ्ट जाई. मागे पाटे असल्याने भरलेली गाडीही खड्डे सोसून नेई. अ‍ॅम्बेसेडरचे दीर्घकाळचे पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे, पद्मिनीचे १०८९ सीसीचे. ऐसपैस मागची सीट हे अ‍ॅम्बेसेडरचे खरे वैभव. खेड्यातल्या रस्त्यांवर तिला तोड नव्हती. मुंबईच्या गर्दीत मात्र आटोपशीर, हलकी पद्मिनीच सरस. स्टिअरिंगलगतच्या दांड्याने गिअर बदलत काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी ती दशकानुदशके हाकली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली.