छातीची शस्त्रक्रिया झाल्यावर शेतात किती राबावे?

हृदयाची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झालेले शेतकरी आता आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात दुर्मिळ राहिलेले नाहीत. २००७ साली आरोग्यश्री योजना सुरू झाल्यापासून गरिबाघरचा माणूसही तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादेस जाऊन हा उपचार घेऊ शकतो. काहीजण जवळ म्हणून नागपूर गाठतात. माणूस वाचून घरी येतो ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घरी आल्यावर त्याने किती चालावे, काय उचलावे, औत केव्हा धरावे, याविषयी घराघरांतून जो गोंधळ आमच्या दृष्टीस पडतो, त्याबद्दल चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एका घरी रोग्याला खाटेवरून उठूच देत नाहीत. पाण्याचा तांब्यासुद्धा सूनबाई हातात आणून देते. माया खरी, पण तिचा परिणाम उलटा होतो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर पडून ठेवले. त्यांची दमश्वासाची ताकद इतकी घटली की, तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासले तेव्हा वयाने केलेली घटही तेवढी भरली नाही. निरोगी तरुणांची ही गत, तर हृदयरोग्याची काय होईल?

दुसऱ्या घरी उलट प्रकार. मृग लागला, पाऊस पडला, सरकी लावायची वेळ झाली की दोन महिन्यांपूर्वी छाती उघडलेला घरधनी कासरा हाती घेतो, आणि कोणी अडवीत नाही. मजुरी परवडत नाही हे आम्ही जाणतो. तथापि हंगाम दरवर्षी येतो.

रुग्णालयाच्या कागदावर बहुधा ‘जड काम टाळावे’ एवढेच असते, तेही इंग्रजीत. जड म्हणजे किती? शहरातील बाबूला जिना जड वाटतो. आमच्या शेतकऱ्याला कापसाचे बोचके डोक्यावर येईपर्यंत काहीच जड वाटत नाही. म्हणून मोजमाप पाहिजे, आणि ते स्वतःजवळच आहे.

पुष्कळांना नाडी मोजण्याची हौस असते, हल्ली मनगटावरचे घड्याळही ती दाखवते. पहिल्या आठवड्यांत बसल्या जागेच्या नाडीपेक्षा तीसेक ठोक्यांहून अधिक वाढ होऊ देऊ नये, असा एक ठोकताळा आहे. पण शस्त्रक्रियेनंतर मेटोप्रोलॉलसारखी जी गोळी देतात ती नाडीला मुद्दाम आवरून धरते. आकडा शांत दिसतो आणि माणूस मात्र थकलेला असतो. एकट्या नाडीवर भिस्त ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याहून भरवशाचा आहे तो श्वास. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी श्रम किती वाटतात हे रोग्यानेच सांगावे म्हणून ६ ते २० अंकांची पट्टी तयार केली. ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे थोडे जड. शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारणपणे याच दोहोंच्या मध्ये ठेवतात. आकडे लक्षात राहत नसतील तर सोपी रीत अशी: चालता चालता जपमाळेतील एक प्रार्थना मोठ्याने म्हणावी. न अडखळता म्हणता आली तर चाल योग्य. दोन-दोन शब्दांवर दम घ्यावा लागला तर वेग कमी करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग गळून गेले असेल, तर आदल्या दिवशीचे श्रम जास्त झाले असे धरावे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. श्वास ठीक आहे म्हणून ओझे उचलता येते असे नव्हे. उरोस्थी कापून तारेने बांधलेली असते आणि ती सांधायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर पाच किलोवर काही उचलू नये, हातपंप हापसू नये. औत तर नकोच. बिचकलेल्या बैलाचा एक हिसका पुरे होतो. पुढेही दम रोखून ओझे उचलण्याने रक्तदाब एकदम चढतो. ज्यांची छाती न उघडता केवळ स्टेंट बसविला आहे, त्यांना हाडाचे हे बंधन नाही, श्वासाचे आहे.

फवारणीबद्दल मात्र आम्ही कठोर आहोत. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो. वर ऊन, चिखल आणि विष. २०१७ साली पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नसू. यातील काही औषधे नाडी मंद करतात. हृदयरोग्याने पंप पाठीला लावूच नये. कृत्रिम धातूची झडप बसवून रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्याने विळ्या-कोयत्यापासूनही जपावे, रक्त लवकर थांबत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तर पौषात पहाटे एक आकडी होतो. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी चालावे, थंडीत ऊन पडल्यावर. जेवल्यावर तास-दीड तास थांबावे. छातीत दडपण, घेरी, धडधड किंवा थंड घाम आल्यास तत्काळ बसावे, आणि बसूनही थांबले नाही तर १०८ ला फोन करावा. पायांवर सूज आली किंवा दोन दिवसांत वजन दोन किलो वाढले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना ‘काम करू का?’ असे विचारू नका. ‘दोन एकर डवरणी करू का, पन्नास किलोचे पोते उचलू का?’ असे कामाचे नाव घेऊन विचारा, आणि उत्तर कागदावर मागून घ्या. घरी तो कागद मुलांना वाचून दाखवा. आणि ज्या घरचा कर्ता यंदा असा बसून आहे, त्याच्या शेतात शेजाऱ्यांनी इर्जिक करून एका दिवसात पेरणी उरकून द्यावी. ती मागायला तो स्वतः येणार नाही. पहिला पाऊस पडण्यापूर्वीच कोणीतरी जाऊन विचारले पाहिजे.